वी फिटचा बॅलन्स बोर्ड, घरातल्या ज्येष्ठांसाठी: तोल सांभाळायला उत्तम, सावरायला अपुरा

दिसायला हा जेवायच्या पाटासारखा आहे. पांढरा, साधारण ५१ सेंटीमीटर लांब, ३२ रुंद, जमिनीपासून जेमतेम ५ सेंटीमीटर उंच. चार कोपऱ्यांना चार पाय आणि प्रत्येक पायापाशी भार मोजणारा एक सेन्सर. त्यावर उभं राहिलं की शरीराचा भार या क्षणी नेमका कुठे पडतोय, ते टीव्हीवर एका लाल ठिपक्यात दिसतं. निन्टेंडोच्या 'वी' या गेम कन्सोलसाठी 'वी फिट' या खेळाबरोबर हा बोर्ड डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये आला, पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत गेला, आणि २००९ मध्ये 'वी फिट प्लस' ही सुधारलेली डिस्क निघाली. कन्सोलचं उत्पादन कधीच थांबलं आहे, त्यामुळे आज मिळेल ते जुनंच. बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत मुलांनी परदेशातून आणलेला असा एखादा संच माळ्यावर पडून असतो.

तरीही सत्तरीच्या आई-वडिलांच्या तोलासाठी घरी काय आणावं असं कुणी विचारलं, तर आम्ही आजही आधी याचंच नाव घेतो. मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय नाही. हा बोर्ड तोल सांभाळायला शिकवतो, तोल सावरायला शिकवत नाही.

सांभाळणं म्हणजे पाय जागेवर ठेवून शरीराचा भार इकडून तिकडे नेणं आणि पुन्हा मधोमध आणणं. फडताळातून डबा काढताना, मोरीत वाकून बादली उचलताना हेच लागतं. सावरणं वेगळं. उंबऱ्याला अंगठा अडकला, ओल्या कोटा फरशीवर टाच सरकली, की त्या अर्ध्या सेकंदात माणसाला वाचवतं ते पटकन पुढे, मागे किंवा बाजूला टाकलेलं पाऊल. बोर्डावरचे बहुतेक खेळ पाय रोवून खेळायचे असल्यामुळे हे पाऊल त्यात घडतच नाही. म्हणून व्यायामाचा अर्धा वेळ बोर्डावर आणि अर्धा जमिनीवर पावलं टाकण्यात गेला, तरच या खरेदीला अर्थ आहे. जमिनीवरच्या भागाला पैसा लागत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

विकत घेताना, किंवा माळ्यावरून काढताना

सगळ्यात आधी अडॅप्टर पाहा. अमेरिकेतून आलेल्या वीचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये नुसती पिन बदलून लावला की तो जळतो. एकतर २३० व्होल्टवर चालणारा, १२ व्होल्ट ३.७ अँपिअर देणारा वीचाच अडॅप्टर घ्या, नाहीतर मधे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावा. मोबाइलचा चार्जर चालतो म्हणून हाही चालेल असं समजू नका. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतो, हा घेत नाही.

दुसरं, डिस्क. वी प्रदेशानुसार कुलूपबंद असतो. अमेरिकन कन्सोलला अमेरिकन डिस्क लागते, युरोपीय कन्सोलला युरोपीय. कन्सोल एकीकडून आणि डिस्क दुसरीकडून घेताना हे जुळवून घ्या. दोन्ही डिस्क मिळत असतील तर 'प्लस' घ्या. तिच्यात आपल्याला हवे ते व्यायाम एकापाठोपाठ लावून ठेवता येतात. ज्येष्ठांना दर खेळानंतर इंग्रजी मेन्यूतून वाट काढावी लागत नाही, ही मोठीच सोय.

मग बोर्ड उलटा करा. खालच्या सेलच्या कप्प्यात चार पेन्सिल सेल बसतात. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर असेल तर सेल आतच फुटलेले आहेत किंवा बोर्ड पाण्यात भिजला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यांवर बरंच सामान भिजलं होतं, म्हणून जुनी वस्तू घेताना बडोद्यात हा कप्पा उघडून पाहायलाच हवा. चारही पायांखालचे रबर शाबूत आहेत ना, तेही बघा. एक रबर झिजलं तरी बोर्ड डगमगतो आणि ठिपका सतत एका बाजूला ओढला जातो.

मापाची खातरजमा दोन मिनिटांत होते. खेळातल्या वजनाच्या पडद्यावर आलेला आकडा घरच्या वजनकाट्याशी ताडून पाहा. खेळ कपड्यांचं वजन वजा करतो, तेवढा फरक धरा. एक किलोच्या आतली तफावत चालेल. मग मधोमध उभं राहून एकेका कोपऱ्याकडे हळूच झुका. ठिपका चारही कोपऱ्यांकडे सारखाच गेला पाहिजे. एका कोपऱ्याकडे जायला तो नाखूश असेल तर त्या पायाचा सेन्सर गेलेला आहे आणि तो बोर्ड घेऊ नये. बोर्डाची कमाल क्षमता १५० किलो आहे.

कन्सोल आणि बोर्ड एकमेकांना ओळखत नसतील तर घाबरायचं कारण नाही. बोर्डाच्या सेलच्या कप्प्यात एक लाल बटण असतं, तसंच कन्सोलच्या पुढच्या बाजूला मेमरी कार्डाच्या झाकणामागे असतं. दोन्ही पाठोपाठ दाबली की जोडी जमते. बोर्डावरचा निळा दिवा स्थिर झाला म्हणजे काम झालं. तो दिवा थोडा वेळ लुकलुकून विझत असेल तर आधी सेल बदलून पाहा.

जुन्या वीच्या मागून लाल, पांढरी आणि पिवळी पिन असलेली केबल निघते. नव्या टीव्हीला बऱ्याचदा ती भोकंच नसतात, मग एचडीएमआय कन्व्हर्टर लावावा लागतो. स्वस्त कन्व्हर्टरची एक खोड लक्षात ठेवा. काही कन्व्हर्टर चित्र किंचित उशिरा दाखवतात. माणूस झुकतो, ठिपका मागाहून हलतो, मग माणूस आणखी झुकतो आणि तोल जातो. तरुणाला हे जाणवतही नाही, पण ज्याचा तोल आधीच नाजूक आहे त्याला तो उशीर चुकीचा धडा शिकवतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू केला की उशीर बराच कमी होतो. कमी झाला नाही तर कन्व्हर्टर बदला, त्यात काटकसर नको.

दिवाणखान्यातली मांडणी

बडोद्याच्या दिवाणखान्यात झोपाळा असतोच, आणि टीव्हीसमोरची मोकळी जागा नेमकी त्याच्याच हद्दीत येते. व्यायामापुरता झोपाळा कड्यांतून काढून बाजूला ठेवा, नाहीतर साखळ्या ओढून भिंतीकडे बांधा. मागे नुसता ढकलून ठेवलेला झोपाळा पोटरीला लागला की सत्तरीचा माणूस पुढे जातो.

बोर्ड थेट फरशीवर ठेवा. गालिच्यावर किंवा सतरंजीवर पाय रुततात आणि मापं खोटी येतात. बोर्डाबरोबर उंची वाढवणारे जोडपाय मूळ खोक्यात येत असत. ते मिळाले तर पातळ गालिच्यावर निभावतं, पण उंची वाढते, म्हणून ज्येष्ठांसाठी आम्ही ते वापरत नाही. बोर्ड चालू करताना त्यावर पाय ठेवायचा नाही. तो आधी स्वतःचा शून्य ठरवतो, आणि पडद्यावर सूचना आली की मगच चढायचं. बोर्ड उलटसुलट ठेवला गेला तर डावं-उजवं उलटतं. रोज सुरू करण्याआधी उजवीकडे हलकेच झुका, ठिपका उजवीकडे गेला पाहिजे. सवय म्हणून हे करायचंच.

आता या बोर्डाचा सगळ्यात मोठा धोका. खेळताना कुणी सहसा पडत नाही. पडतात ते उतरताना. नजर टीव्हीवर असते, खेळ संपतो, आणि पाच सेंटीमीटरचा काठ विसरून माणूस मागे पाऊल टाकतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे बोर्डाभोवती प्लायवूडची चौकट. सुताराकडून साधारण ९० बाय ९० सेंटीमीटरचा चौरस करून घ्या आणि त्यात बोर्डापुरतं भोक पाडून घ्या. भोक बोर्डापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठं ठेवा, कारण चौकट बोर्डाला टेकली की भार तिच्यावर जातो आणि माप चुकतं. जाडी बोर्डाच्या उंचीएवढी हवी. १८, १८ आणि १२ मिलिमीटरचे थर एकावर एक चिकटवले की ४८ मिलिमीटर होतात, वर न घसरणारी रबरी शीट लावली की जवळपास बरोबरीत येतं. प्लाय कापण्याआधी स्वतःचा बोर्ड मोजा, वरच्या आकड्यांवर विसंबू नका. चौकटीला तळ नको, बोर्डाचे पाय फरशीलाच टेकले पाहिजेत. चौकटीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली म्हणजे अधू नजरेलाही काठ दिसतो.

आधारासाठी समोर चार पायांचा वॉकर ठेवा, त्याचे पाय चौकटीबाहेर फरशीवर. तो नसेल तर दोन्ही बाजूंना जड लाकडी खुर्च्या, पाठी आतल्या बाजूला. प्लास्टिकच्या खुर्च्या चालणार नाहीत, भार आला की त्या कलंडतात. आधार फक्त बोटांच्या टोकांचा घ्यायचा. तळहातानं दाबलं की शरीराचं वजन वॉकरवर जातं, बोर्डाला ते कळत नाही, आणि पायांना काम उरत नाही. सोबतीला एक माणूस हवाच. त्यानं समोर नाही, मागे थोडं बाजूला उभं राहायचं, आणि धरायचं तर कमरेच्या पट्ट्याला. दंडाला धरून ओढल्यानं खांदा दुखावतो आणि पडणारा माणूस थांबत नाही.

पाय अनवाणी. मोजे नकोत. मधुमेह असेल तर आधी आणि नंतर तळवे बघा, कारण बोर्डाच्या कडेनं लागलेलं त्यांना कळत नाही. वीच्या रिमोटसाठी टीव्हीपाशी ठेवतात त्या सेन्सर बारची तार टीव्हीला टेपनं चिकटवा, जमिनीवरून जाऊ देऊ नका.

कोणते खेळ, कोणते नाहीत

सुरुवातीला बरेच खेळ बंद असतात, खेळत राहिलं की उघडतात. घरातल्या नातवंडांनी आधी थोडे दिवस खेळून ते उघडून ठेवावेत.

आमच्या मते या सगळ्या संचाचं मोल एका खेळात आहे, टेबल टिल्ट. पडद्यावर एक फळी, तिच्यावर गोळ्या, फळीला भोकं. आपण झुकू तशी फळी कलते आणि गोळ्या भोकात पाडायच्या. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, तिरकं, सगळ्या दिशांना भार न्यावा लागतो आणि जोर नाही, नेमकेपणा लागतो. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला यातलं इंग्रजी समजावून सांगावं लागत नाही.

इथे जवळून बघायची गोष्ट म्हणजे माणूस झुकतो कुठून. बहुतेक जण कमरेतून वाकतात. छाती पुढे जाते, कुल्ले मागे राहतात, आणि गोळी तरीही हलते, म्हणून त्यांना वाटतं जमलं. पण घोटे जागचे हललेलेच नसतात, आणि उभ्यानं तोल सांभाळण्याचं बारीक काम घोटेच करतात. सांगायचं असं: पाठीला काठी बांधली आहे असं समजा, डोकं, कंबर, गुडघे एका रेषेत ठेवा आणि घोट्यातून कला. टाच उचलली गेली की झुकणं जास्त झालं. सोबतच्या माणसानं टीव्ही न बघता टाचांकडे बघावं. घड्याळ चालू असतं, त्यामुळे घाई होते. म्हणून पहिले पंधरा दिवस गुण मोजूच नका, एक गोळी हळू आणि नीट पडली की पुरे.

दुसरा चांगला खेळ स्की स्लॅलम. दोन झेंड्यांमधून डावीकडे-उजवीकडे झुकत जायचं आणि पुढे झुकलं की वेग वाढतो. पडायची भीती बसलेल्या किंवा बरेच दिवस अंथरुणावर काढलेल्या माणसाचा ठिपका बहुधा मधल्या रेषेच्या मागे, टाचांवर बसलेला असतो. तो माणूस समोर बघत उभा असतो, स्वतःला सरळच समजत असतो, आणि खुर्चीतून उठताना मागच्या मागे बसकण मारतो. हे त्याला शब्दांत सांगून पटत नाही, ठिपका दाखवला की पटतं. स्लॅलममध्ये पुढे झुकल्याशिवाय खेळ सरकतच नाही, त्यामुळे भार हळूहळू चवड्यांकडे येतो. या एका दुरुस्तीसाठीसुद्धा बोर्ड ठेवावा.

पेंग्विनचा बर्फावरचा खेळ डाव्या-उजव्या भारासाठी बरा आहे. बुडबुड्यातून नदी पार करण्याचा खेळ टेबल टिल्ट जमल्यावर घ्या.

चेंडूला डोकं मारण्याचा फुटबॉलचा खेळ पहिला महिनाभर नको. त्यात चेंडूंबरोबर बूट आणि पांडाची तोंडंही उडत येतात, माणूस दचकतो आणि मान झटकतो. खरं तर मान हलवायचीच नसते, भार हलवला की पुरतं, पण डोळ्यांसमोर चेंडू आल्यावर हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मानेचा स्पॉन्डिलोसिस किंवा चक्कर असेल तर तो कायमचाच वगळा. तारेवरून चालण्याच्या खेळात आणि स्की जंपमध्ये गुडघे झटकन सरळ करायचे असतात. लोक खरोखर उडी मारतात आणि काठावर उतरतात. तेही नकोत. मेणबत्तीसमोर स्थिर बसण्याचा खेळ निरुपद्रवी आहे, पण त्यासाठी जमिनीलगत बसून पुन्हा उठावं लागतं. ज्यांना ते सहज जमतं त्यांना बहुधा या बोर्डाची गरज नाही.

बेसिक स्टेप हा बोर्डावर चढ-उतार करण्याचा व्यायाम. डिस्कवर पावलं टाकायला लावणारे जे मोजके व्यायाम आहेत त्यांतला हा एक, आणि धोकाही यातच जास्त. चौकट असेल, हात आधाराला असेल, आणि चार-सहा आठवडे झाले असतील तरच, तेही निम्म्या वेगानं. तालाशी जमलं नाही तर आवाज बंद करा.

डिस्कचा सगळ्यात वाईट भाग

बॉडी टेस्ट. उंची आणि जन्मतारीख घेऊन, वजन मोजून आणि तोलाच्या दोन चाचण्या करून हा खेळ माणसाचं 'वी फिट वय' सांगतो. ते आज ६८, उद्या ८१ येऊ शकतं, कारण रोज वेगळ्या चाचण्या येतात आणि त्यात इंग्रजी सूचना किती लवकर समजल्या यालाही महत्त्व आहे. वजनाबद्दलही तो तोंडावर बोलतो. हुरूप धरून उभ्या राहिलेल्या आजींना पहिल्याच दिवशी हे ऐकवणं क्रूरपणाचं आहे. पहिल्या नोंदणीला ती चाचणी नातवंडांनी उरकून घ्यावी. नंतर ती टाळून थेट व्यायामाकडे जाता येतं.

इथे गल्लत होऊ नये म्हणून सांगतो. बोर्डाच्या मोजमापात खोट नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हा बोर्ड प्रयोगशाळेतल्या भार मोजणाऱ्या महागड्या फोर्स प्लेटशी ताडून पाहिला आणि उभ्यानं तोल मोजण्यासाठी तो विश्वासार्ह ठरला. पण त्यांनी सेन्सरचे आकडे थेट संगणकावर घेतले होते, खेळातले गुण वापरले नव्हते. बोर्ड चांगला, वयाचा आकडा निकामी.

दुसरी उणीव अशी की लाल ठिपका डोळ्यांना दिसतो. तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-सांध्यांतल्या जाणिवा, अशा तिन्हींवर चालतो. ठिपका बघत राहिलं की डोळेच सगळं काम करतात, आणि रात्री दिवे गेले की शिकलेलं उपयोगी पडत नाही. दोन आठवड्यांनी असं करा: ज्येष्ठांनी टीव्हीऐवजी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं आणि ठिपका सोबतच्या माणसानं बघावा. "डाव्या टाचेवर आहात" एवढंच त्यानं सांगायचं. डोळे मिटायला सांगू नका.

जमिनीवरचा अर्धा भाग

याला आधार आहे. सिडनीत ६५ वर्षांवरच्या ७६९ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निकाल २०२४ च्या सुरुवातीला 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. एका गटानं घरी टीव्हीला जोडलेल्या चटईवर पावलं टाकत खेळ खेळायचे होते, आठवड्याला १२० मिनिटांचं लक्ष्य, वर्षभर. दुसऱ्या गटानं तसलेच खेळ बसून खेळायचे होते. पावलं टाकणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण तिसऱ्या, खेळ न दिलेल्या तुलनेच्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी झालं. बसून खेळणाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे काम पावलांनी केलं. त्याआधी २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा) तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी करतात असं दिसलं होतं. नुसत्या चालण्याबद्दल मात्र तसं ठामपणे सांगता आलं नाही. कमाटी बागेत रोज दोन फेऱ्या मारणं हृदयाला आणि मनाला फार चांगलं आहे, ते सोडू नये. पण सपाट रस्त्यावर सरळ चालण्यानं बाजूला आणि मागे पाऊल टाकायची सवय होत नाही.

ती चटई इथे शोधत बसायची गरज नाही. फरशीवर खडूनं तीन बाय तीन असे नऊ चौकोन काढा, प्रत्येक ३० सेंटीमीटरचा, त्यात १ ते ९ आकडे. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ काढले तर हाताशी आधार राहतो. ज्येष्ठांनी मधल्या ५ वर उभं राहायचं, मागून पट्टा घातलेले बूट किंवा अनवाणी, सपाता नाहीत. कुणीतरी आकडा पुकारायचा, त्या चौकोनात एक पाऊल टाकायचं, भार त्या पायावर न्यायचा आणि परत ५ वर यायचं. पहिला आठवडा फक्त पुढचे आणि बाजूचे चौकोन. मागचे तिसऱ्या आठवड्यापासून, कारण मागे पाऊल टाकणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त उपयोगी. मग वेग वाढवा. मग एक आकडा वर्ज्य करा: ३ पुकारला तर हलायचं नाही. हे थांबणं पाऊल टाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण चालता चालता बेत बदलताना माणसं पडतात.

सहा आठवड्यांनी डोक्यालाही काम द्या. जुन्या शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, सवायकी पाठ असते. चौकोनात पाऊल टाकता टाकता सवायकी म्हणायला सांगा. पाढा अडला की पाऊलही अडतं, आणि बोलत चालताना काय होतं ते घरच्यांना डोळ्यांनी दिसतं. अडखळणं वाढलं तर पाढा सोपा करा, पाऊल थांबवू नका.

नवरात्रात दोन टाळीचा गरबा संथ लयीत, गिरकी वगळून, हाही याच जातीचा व्यायाम आहे. बाजूला पाऊल, मागे पाऊल, तालावर भार बदलणं. ज्या शहरात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरानं पिढ्यांना मल्लखांब आणि लाठी शिकवली, तिथल्या ज्येष्ठांना तोल ही शिकण्याची गोष्ट आहे हे पटवावं लागत नाही. त्यांना वयाला साजेशी तालीम तेवढी दाखवावी लागते.

आठवड्याचं वेळापत्रक असं ठेवा: चार दिवस, दर वेळी अर्धा तास. ५ मिनिटं खुर्चीतून उठ-बस आणि टाचा वर-खाली, १२ मिनिटं बोर्ड, १२ मिनिटं चौकोन. जेवणानंतर तासभर नको, रक्तदाबाच्या गोळीनंतर लगेच नको. रविवारी एकदम दोन तास करून भरपाई होत नाही, थकलेला माणूसच पडतो.

फरक पडला हे कसं कळेल

खेळातल्या गुणांवरून नाही, ते नुसत्या सरावानंही वाढतात. महिन्यातून एकदा तीन गोष्टी मोजा आणि वहीत लिहा.

एक, हाताची खुर्ची आणि तिच्यापासून ३ मीटरवर फरशीवर खूण. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा. दोन, उभं राहण्याचे चार प्रकार, प्रत्येकी १० सेकंद: पाय जोडून, एक पाऊल अर्धं पुढे, एकामागे एक टाच-अंगठा लावून, आणि एका पायावर. तिसरा प्रकार १० सेकंद जमत नसेल तर काळजी घ्यायला हवी. तीन, हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं. दर वेळी तीच खुर्ची, तीच वेळ. दोन महिन्यांत हे आकडे हलले नाहीत तर व्यायाम सोपा होतो आहे किंवा आधार जास्त घेतला जातो आहे.

कुणी घेऊ नये

पलंगावर कूस बदलताना घर फिरल्यासारखं होत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, त्या चकरेचा इलाज वेगळा आणि बऱ्याचदा सोपा असतो. झोपलेल्या अवस्थेतून उठल्यावर ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर आधी औषधं तपासून घ्या. खुब्याचं ऑपरेशन, ताजं फ्रॅक्चर, डोळ्यांत नुकतंच लेसर झालं असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. फिट येण्याचा त्रास असेल तर पडद्यावरचे लखलखणारे खेळ नकोत. पेसमेकर असेल तर कन्सोल आणि रिमोट छातीपासून वीतभर तरी लांब ठेवायला कंपनीचीच सूचना आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना हा बोर्ड उपयोगी पडतो, पण एकट्यानं कधीच नाही आणि चढ-उतार दुसऱ्याचा हात धरूनच.

निन्टेंडोच्याच नंतरच्या 'स्विच' कन्सोलवरचा रिंग फिट अॅडव्हेंचर हा खेळ, २०१९ चा, तपासला तर तो मुख्यतः ताकदीचा व्यायाम आहे. पन्नाशीतल्या माणसाला छान, ऐंशीतल्या आजींना त्याच्या बैठका आणि वेग झेपत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टमध्ये, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, पायाखाली काहीच नसतं ही जमेची बाजू, पण समोर सुमारे दोन मीटर मोकळी जागा लागते आणि भार कुठे आहे ते तो दाखवत नाही. टाचांवर बसलेला ठिपका दाखवणारं घरगुती साधन अजून तरी हा जुना पाटच आहे.

वापरून झाला की बोर्ड चौकटीसकट पलंगाखाली किंवा कपाटामागे सरकवा आणि महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. दिवाणखान्यातून मोरीकडे जायच्या वाटेवर तो राहू देऊ नका. रात्री उठलेल्या माणसाचा पाय त्याच काठाला अडकतो.